नदीच्या बाटल्या

माझ्या मुलीला डोंगरातल्या नदीवर काम मिळालं त्या दिवशी घरात पेढे आले आणि मी गच्चीवर कपडे काढायला गेले. कपडे अजून ओले होते. तरी मी ते दोरीवरून ओढले, घड्या घातल्या, मग घड्या मोडून पुन्हा वाळत टाकले. खाली ती आणि तिचे बाबा मोठमोठ्यानं बोलत होते. मधेच ती जिन्यात येऊन ओरडली, "आई, खाली ये ना, फोटो काढायचाय." मी म्हटलं, "आले." आणि आणखी एक चादर उलगडून टाकली.

फोटोत मी हसते आहे. नीट बघितलं तर हातात कपड्याचा चिमटा दिसतो.

काम असं होतं. उत्तराखंडात, कुमाऊंच्या डोंगरात एक नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला सफरचंदाच्या बागा, खालच्या अंगाला गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली हॉटेलं. बागांतलं खत आणि हॉटेलांचं सांडपाणी नदीत उतरतं का, आणि उतरत असेल तर किती, हे शोधायचं. त्यासाठी नदीवर पाच ठिकाणं ठरवलेली. दर पंधरा दिवसांनी त्या पाचही ठिकाणी पाण्यात उतरून बाटल्या भरायच्या आणि त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. तीन वर्षं. शेवटी पीएच.डी.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दर्पण कॉलनीतून स्कूटीवर जाते, दुपारी परत येते. पंचवीस वर्षं झाली. फॉस्फेट ओळखायचा प्रयोग मी दर वर्षी करून दाखवते: अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, जरा गरम करायचं, पिवळा साका बसतो. मुलं वहीत लिहितात, "फॉस्फेट आहे." किती आहे ते आम्ही कधी मोजत नाही. अभ्यासक्रमात नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मलाही असं एक काम मिळालं होतं. एका दूरच्या शहरातली प्रयोगशाळा, पाण्यावरचंच संशोधन. पत्र आलं होतं, रुजू व्हायची तारीखसुद्धा होती. मी गेले नाही. आमच्या घरात याची एक गोष्ट तयार झाली आहे. त्याच वेळी लग्न ठरलं, म्हणून आईनं करिअर सोडलं. यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की पाहुणेही आता सांगतात. खरं तर लग्न ठरलं ते पत्र आल्यानंतर दोन महिन्यांनी. रुजू व्हायची तारीख तेव्हा उलटून गेली होती. मला कोणी अडवलं नव्हतं. मी घाबरले होते. एकटीनं राहायचं, परक्या शहरात, इंग्रजीतून बोलणाऱ्या लोकांत. मी पत्र ट्रंकेत ठेवलं आणि गप्प बसले.

मुलगी घाबरली नाही. एक सॅक, एक ट्रंक आणि गमबूट घेऊन ती निघाली, तेव्हा स्टेशनवर यांचे डोळे भरून आले. मला रडू आलं नाही. मी तिच्या बुटांकडे बघत होते.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. मी कणीक मळत असायचे, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचे. आज पाणी किती गार होतं, कुठल्या दगडावरून पाय घसरला, तिच्या गाईड मॅडम काय म्हणाल्या, सगळं सांगायची. मी मधेमधे सूचना करायचे. "बाटली भरायच्या आधी त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घे." ती म्हणायची, "हो आई, मॅडमनी सांगितलंय." मी म्हणायचे, "नमुने बर्फात ठेवतेस ना?" ती म्हणायची, "हो गं, आईसबॉक्स आहे." शाळेतल्या मोकळ्या तासाला मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसून नद्यांच्या पाण्यावरचे लेख वाचायचे, संध्याकाळी तिला काहीतरी नवं सांगता यावं म्हणून. एकदाही तसं झालं नाही. मी जे वाचून यायचे ते तिनं आधीच हातानं केलेलं असायचं.

आणि मग तिच्या बोलण्यात ईजा आली.

ती ज्या घरात खोली घेऊन राहत होती त्या घरची ती म्हातारी बाई. साठी उलटलेली, काटक, डोक्याला रुमाल. घराला लागून तिनं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, त्यावर घर चालायचं. "ईजाने आज मंडव्याची रोटी केली, आपली नाचणी गं." "ईजाने माझे मोजे चुलीपाशी सुकवले." "ईजा म्हणते, नदीवर जाताना खिशात गूळ ठेवायचा." मी एकदा विचारलं, "ईजा हे नाव आहे का तिचं?"

"नाही गं. इथे आईला ईजा म्हणतात. घरातले सगळे म्हणतात, मग मीसुद्धा म्हणते."

मराठीत इजा म्हणजे काय ते तिला ठाऊक असेल की नाही कोण जाणे. ग्वाल्हेरात वाढलेल्या पोरांना 'चोट' कळते. मी काही बोलले नाही. पोळी जरा जास्त जोरात लाटली, ती पोळपाटाला चिकटली.

हे म्हणाले, "बरंच आहे की. परमुलखात कोणीतरी बघणारं आहे."

मी म्हटलं, "हो, बरंच आहे."

नोव्हेंबरातला एक रविवार. सकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला. ऊन पडलं होतं आणि समोर बर्फाची शिखरं स्वच्छ दिसत होती, ती दाखवायची होती तिला. हे आंघोळीला गेले होते, म्हणून मी एकटीच फोनसमोर होते. तिनं फोन गोल फिरवला. शिखरं, देवदार, गवताच्या गंजी, मग अंगण. अंगणातल्या नळापाशी ईजा बसली होती. तिच्यापुढे माझ्या मुलीच्या नमुन्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, ठिकाणांचे नंबर टाकलेल्या.

"आई, बघितलंस? ईजा माझ्या बाटल्यासुद्धा धुऊन देते. मी कितीदा मना केलं. म्हटलं, मी ॲसिडने धुतल्यात. ती म्हणते, चार आणि पाच नंबरच्या काळ्या पडल्यात, बघवत नाहीत. आता म्हटलं, पाण्यानं खळबळते तर खळबळू दे."

मुलगी बोलत होती तेव्हा तिचं तोंड डोंगराकडे होतं. फोनमध्ये अंगण मला दिसत होतं, तिला नाही. ईजाच्या पायापाशी कपडे धुवायच्या पावडरचा पुडा उघडा पडला होता. ती बोटानं पावडर घ्यायची, बाटलीत टाकायची आणि ब्रश आत घालून घासायची. फेस बाहेर येत होता.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही हे कळेल. त्या पावडरींमध्ये फॉस्फेट असतं. प्लॅस्टिकला ते धरून राहतं, नुसत्या पाण्यानं जात नाही. ज्या बाटलीत नदीचं फॉस्फेट मोजायचं तिला साबण लावायचा नसतो, कधीही.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती हसत म्हणाली, "तू असतीस ना आई, तर नसत्या धुतल्यास. तू म्हणाली असतीस, आपली कामं आपण करावीत."

मी तोंड मिटलं.

"हॅलो? आई, अडकलीस का?"

"नाही. ऐकतेय. शिखरं छान दिसतायत."

त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की संध्याकाळी सांगू. संध्याकाळी यांच्याशीच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं, नमुना घेण्याआधी ती पुन्हा ॲसिडनं धूत असेलच, एवढी हुशार आहे. तिसऱ्या दिवशी वाटलं, तिच्या मॅडम आहेत ना बघायला, सगळं सांगितलंय त्यांनी. आठवडा गेला आणि मग सांगणं अवघड झालं, कारण सांगायचं तर 'आठवडाभर का नाही सांगितलंस' याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. पुढचा आठवडा गेल्यावर मी ते डोक्यातून काढूनच टाकलं. काढून टाकलं असं म्हणते, पण रोज फोन आला की आधी तेच आठवायचं. आणि खोटं कशाला लिहू, त्या आठवणीत एक गारवा होता. तिच्या नदीबद्दल एक गोष्ट अशी होती जी मला माहीत होती आणि तिला नव्हती.

डिसेंबरात ती आनंदानं ओरडतच फोनवर आली. "आई! फॉस्फेट वर गेलंय! चार आणि पाचला! आधीच्या फेरीला पण गेलं होतं, तेव्हा वाटलं माझीच चूक आहे. या वेळी पुन्हा तसंच. वरची तीन ठिकाणं साफ आहेत. हॉटेलांच्या खालीच वाढलंय!"

त्यांच्या पद्धतीत फॉस्फेटचा रंग निळा येतो. जितकं जास्त तितका गडद. तिनं मला नळ्यांचा फोटो पाठवला. पहिल्या तीन जवळजवळ पाण्यासारख्या, चौथी निळी, पाचवी आणखी निळी. मी तो फोटो शाळेच्या प्रयोगशाळेत उभी राहून बघितला. मागे मुलं नळ्या धूत होती. मी फोन बंद केला आणि त्यांच्यावर उगाचच चिडले.

जानेवारीत बर्फामुळे रस्ता बंद झाला आणि ती पंधरा दिवसांसाठी घरी आली. इथेही धुकं होतं. दुपारी बारा वाजता कुठे ऊन पडायचं. ऊन पडलं की आम्ही तिघं गच्चीवर सतरंजी टाकून बसायचो, मधे शेंगदाणे आणि तीळ-गुळाची गजक. तिचे हात बघवत नव्हते. बोटांच्या पेरांना भेगा, नखांभोवती कातडी सोललेली. गार पाण्यात किती वेळ राहावं लागतं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप गच्चीवर आणला आणि आलेख उघडून बाबांना समजावू लागली. मग तिचा आवाज खाली आला.

"बाबा, पण मी फार परेशान आहे. फेब्रुवारीत गावात बैठक आहे. मॅडम म्हणतात, गावकऱ्यांसमोर आकडे ठेवायचे. तीन आणि चार नंबरच्या मधे कोणाच्या खोल्या आहेत माहीत आहे? पहिल्या ईजाच्याच. तिच्या संडासाची टाकी नदीपासून थोडीच लांब आहे. मी तिच्या हातचं खाते आणि तिच्याच घराचं नाव घेऊ?"

हे म्हणाले, "खरं असेल तर सांगावं लागेल, बाळा."

"माहितेय. पण आई, तू सांग ना. काय करू?"

तिनं मला विचारलं. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाचं तरी उत्तर ठाऊक नव्हतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नायट्रेट किती आलंय चारला?"

"नायट्रेट नाही वाढलं."

"सांडपाणी आलं असतं तर तेही थोडं वाढलं असतं ना?"

"मॅडम पण तेच म्हणाल्या. बघू म्हणाल्या." ती सरळ होऊन बसली.

"डिस्टिल्ड वॉटर भरून बाटली तपासलीस?"

"हो, दोनदा. साफ आलं."

"कुठल्या बाटलीत?"

"नव्या. एक्स्ट्रा ठेवलेल्या."

"चार नंबरच्या बाटलीत नाही?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी शेंगदाण्याचं साल फुंकरलं आणि म्हटलं, "त्या बाटल्या धुतं कोण?"

मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "साबण," ती म्हणाली. "ईजा साबण लावत असणार. चार आणि पाचच काळ्या पडतात, त्याच घासत असणार. हे भगवान." आणि लॅपटॉप बाजूला सारून तिनं मला मिठी मारली. "आई, तुला कसं सुचलं? इथे बसून? बाबा, आई जीनियस आहे!"

हे हसत म्हणाले, "मी पंचवीस वर्षं सांगतोय. लग्न केलं नसतं तर आज मोठी शास्त्रज्ञ असती."

मी ते सगळं घेतलं. तिची मिठी घेतली, यांचं बोलणं घेतलं. तिच्या केसांना धुराचा वास येत होता, चुलीचा, आमच्या घरात नसलेला. मी तिच्या पाठीवर थोपटत होते आणि मला फार, फार बरं वाटत होतं.

तो दिवस आणि दुसरा दिवस मी तशीच राहिले. ती ओळखीच्या प्रत्येकाला फोनवर सांगत होती. महाराज बाड्यावरच्या बाजारात लोकरीचे मोजे घ्यायला गेलो तर दुकानदारालासुद्धा म्हणाली, "भैया, मेरी मम्मी ने मेरी पूरी रिसर्च बचा ली." त्यानं मोज्यांबरोबर मला नमस्कारही केला.

घरी आलो तेव्हा तिच्या मॅडमचा फोन आला. तिनं तो माझ्या हातात दिला. मॅडम अतिशय नम्रपणे हिंदीत म्हणाल्या, "आप जैसी नज़र हमारे यहाँ भी कम लोगों में है. कभी हमारी लैब में आइए, बच्चों से बात कीजिए."

एवढंच तर मला हवं होतं. तरुणपणी ट्रंकेत ठेवलेलं पत्र जणू पुन्हा आलं होतं. मी "जी, धन्यवाद" म्हटलं, फोन परत दिला आणि सोफ्यावर बसले. मुलगी चेहरा फुलवून समोर उभी होती.

"मी ओळखलं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"डोकं लावून नाही ओळखलं. मी पाहिलं होतं. नोव्हेंबरात तू शिखरं दाखवत होतीस तेव्हा. ती पावडर लावून घासत होती. मला फोनमध्ये दिसलं होतं."

तिला कळायला वेळ लागला. मोज्यांची पिशवी तिच्या हातातच होती. "नोव्हेंबरात? मग सांगितलं का नाहीस?"

मी सोफ्यावरची उशी सरळ केली.

"विसरलीस?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"चार वेळा," ती म्हणाली. "चार वेळा मी बर्फासारख्या पाण्यात उतरले, आई. तुला माहीत होतं ते सगळं फुकट जातंय. आणि ईजाचं नाव घेणार होते मी सगळ्या गावासमोर. ते पण परवा तू ऐकलंस." आवाज चढला नव्हता, त्यामुळेच भीती वाटली. "का पण?"

"मला तुझा हेवा वाटतो."

"हेवा म्हणजे?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "जलन?"

"हो. जलन."

"मेरे से?"

ती माझ्याशी हिंदीत कधी बोलत नाही. मराठीत हिंदी मिसळते, ती सगळीच पोरं मिसळतात. पण ते दोन शब्द तिनं परक्या बाईशी बोलावं तसे उच्चारले. मी म्हटलं, हो, तुझाच. आणि तिच्या ईजाचा, आणि तिच्या मॅडमचा. मग जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं, की मला लग्नानं अडवलं नव्हतं, घाबरले म्हणूनच मी गेले नव्हते आणि ती घाबरली नाही.

हे दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मुलगी ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी निघाली. रस्ता उघडलाय म्हणाली. स्टेशनवर तिला हे एकटेच सोडायला गेले. परत आल्यावर बराच वेळ ते बूट न काढता खुर्चीत बसून होते. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाचच पंचवीस वर्षं स्वतःला दोषी धरत होतो?"

मी म्हटलं, "हो."

"एकदा सांगायचंस गं." संध्याकाळी चहा त्यांनीच केला, दोन कप, माझ्यात साखर नेहमीसारखी कमी घालून.

फोन आता त्यांच्या मोबाईलवर यायचा. मी ओट्यापाशी उभी राहून एका बाजूचं बोलणं ऐकायचे. त्यावरूनच कळलं की तिनं जाताच चार आणि पाच नंबरच्या जुन्या बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटर भरून तपासलं आणि ते निळं आलं. मॅडमना तिनं सगळं सांगितलं, मी पाहिलं होतं हे सोडून. चार फेऱ्यांचे आकडे बाद झाले. बैठक पुढे ढकलली. नव्या बाटल्यांत पुन्हा नमुने घेतले तर चार नंबर साफ. पाच नंबरला जरासं वाढलेलं, पण ते आणखी खालच्या मोठ्या हॉटेलांच्या बाजूचं असावं. ईजाला तिनं एवढंच सांगितलं, की बाटल्यांना औषध लावलेलं असतं, हात लावायचा नाही. ईजाला त्याचं वाईट वाटलं म्हणे, दोन दिवस बोलली नाही.

हे ऐकून मला आनंद झाला. लगेच लाजही वाटली, पण आनंद आधी झाला.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. इथे लूच्या झळा सुरू झाल्या होत्या, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. मी यांना म्हटलं, "मी जाऊन येते."

"तिला विचारलंस?"

मी तिला मेसेज केला, 'आठ दिवस येऊ का?' उत्तर संध्याकाळी आलं. 'ये. स्वेटर आण.'

दिल्लीला गाडी बदलून काठगोदाम आणि तिथून जीपनं वर. वयाच्या पन्नाशीत मी पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब गेले. जीपमध्ये दोनदा उलटी झाली. मुलगी रस्त्यावर उभी होती, गमबुटात, उन्हानं काळी झालेली. तिनं माझी पिशवी घेतली. मिठी मारली नाही.

ईजानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आप ही की तो बात करती है दिन भर." मी मुलीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. हे आताचं होतं की जानेवारीआधीचं, मला विचारता आलं नाही. ईजानं मला मंडव्याची रोटी वाढली, वर लोणी. ती चांगली लागली. मी तीन खाल्ल्या. बाई वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नमुन्यांची फेरी होती. मी आईसबॉक्स उचलला. मुलगी पुढे, मी मागे. तिचे पाय दगडांवर असे पडत होते की त्यांना बघावं लागत नव्हतं. मी प्रत्येक दगडाशी थांबत होते. एक नंबरच्या ठिकाणी पाणी इतकं स्वच्छ होतं की खोली कळत नव्हती. ती मांड्यांपर्यंत उतरली, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे केलं, भरली, ओतली, असं तीनदा, मग शेवटची भरली. तिथे उभी राहून मला पुन्हा तेच वाटलं. पंचवीस वर्षांची मी त्या पाण्यात उभी नव्हते, ती होती. इतक्या लांब येऊन, सगळं कबूल करूनसुद्धा ते गेलं नव्हतं.

दुपारी परत आल्यावर कळलं की ऑक्सिजन मोजायचं यंत्र बंद पडलंय. मॅडमनी फोनवर सांगितलं, जुन्या पद्धतीनं करा, ब्युरेटनं. सामान गावातल्या त्यांच्या संशोधन केंद्रात होतं, ते आणलं. ईजाच्या अंगणात स्टँड उभा केला. मुलगी म्हणाली, "तू कर. तुझं रोजचं काम आहे."

अनुमापन मी हजारदा केलं असेल. निळा रंग जातो त्या थेंबाला थांबायचं. पण मुलगी शेजारी बसली होती, ईजा ओसरीवरून बघत होती, आणि मी ब्युरेटची तोटी जास्त फिरवली. एकदम तीन-चार थेंब पडले. रंग गेला, पण नेमका कुठे गेला ते सांगता आलं नसतं. वर्गात एखाद्या मुलानं असं केलं तर मी काय म्हणते ते मला ठाऊक आहे. आणि एक विचारही आला, की कोणाला कळणार आहे, आकडा अंदाजानं सांगावा.

"हा चुकला," मी म्हटलं. "जास्त पडलं."

तिनं वर बघितलं. मग बाटलीतलं उरलेलं पाणी मोजून पुन्हा फ्लास्कमध्ये घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"परत कर," ती म्हणाली.

मी केलं. या वेळी तोटी हळूच फिरवली. शेवटचा थेंब ब्युरेटच्या टोकाला लोंबकळला, मी तो काचेला टेकवून घेतला आणि रंग गेला. मी आकडा वाचला. तिनं तो वहीत लिहिला, मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग वही न मिटताच म्हणाली, "आई, अजून होते? जलन?"

"होते. सकाळी नदीवर झाली."

"बहुत?"

"बरीच."

तिनं मान डोलावली, जशी ती एखादा आकडा ऐकून डोलावते. ईजा आतून विचारत होती, चहा ठेवू का. मुलगी म्हणाली, "तीन कप, ईजा. मम्मी की चीनी कम." आणि दोन नंबरच्या पाण्याची बाटली आणायला उठली.